माझ्या नावावरची उडी

हे मी आजवर कोणापाशी काढलेलं नाही. शाळेतल्या मंडळींपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. तुमच्यापाशी काढतोय ते तुम्ही अनोळखी आहात म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर आधी त्याच्या नजरेला नजर द्यावी लागते, आणि गेली नऊ वर्षं मी तेवढंच टाळत आलोय. आता टाळण्याचाही कंटाळा आला. थकवा म्हणा हवं तर.

मी सिहोऱ्यातल्या एका शाळेत पीटीचा शिक्षक. आमच्या भागात मला नावानं कमी आणि 'विमानवाले सर' म्हणून जास्त ओळखतात. विमानातून उडी मारलेला माणूस — पंचक्रोशीत दुसरा नाही. लग्नात गेलो की कोणीतरी पाहुण्याला कोपर मारून सांगतो, हेच ते. मी हसतो. हसायची सवय झाली आहे.

तर ती उडी. सांगतो. पण आधी तिथं गेलोच कसा, ते.

पोरांना दोरावर चढवताना मी ओरडायचो, "भेता काहून बे? पडले त पडले!" उचलली जीभ, लावली टाळ्याला — माझं काय जात होतं? एक दिवस मुख्याध्यापकांनी चहा पिता पिता विचारलं, "सर, तुमी सोता कधी उंचावरून उडी मारली का गा?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते बोलणं सलत राहिलं. मग पेपरात एक जाहिरात दिसली. मध्य प्रदेशातल्या एका जुन्या हवाईपट्टीवर नवशिक्यांसाठी शिबिर होतं, दोन दिवस जमिनीवर शिकायचं, तिसऱ्या दिवशी उडी. दिवाळीची सुट्टी होती. मी शाळेत जाहीर करून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रेखा, माझी बायको, नुसती पाहायला आली होती. पोरगी आठ वर्षांची, तिला अड्याळला मामाकडे ठेवलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो. शिबिरात एक जण ऐनवेळी आला नाही. तिथल्या शिकवणाऱ्यानं, फौजेतून निवृत्त झालेला उंच माणूस होता, तिला सहज विचारलं, "मॅडम, आप भी सीखेंगी?" मला वाटलं ती पदर सावरून मागे होईल. ती म्हणाली, "सीखेंगे ना."

दोन दिवस आम्ही काय केलं? पडलो. नुसते पडत होतो. कमरेएवढ्या ओट्यावरून खाली वाळूत उडी मारायची, पाय जोडलेले, गुडघे सैल, आणि पाय टेकताच अंग एका कुशीवर लोळवायचं. मी पीटीचा शिक्षक — माझे गुडघे ताठच राहायचे. तीसेक वेळा पडलो आणि तीसेक वेळा त्या माणसानं मान हलवली. रेखाला चौथ्या वेळी जमलं. तो चकित झाला. तिनं त्याला मोडक्या हिंदीत सांगितलं की रोवण्याच्या वेळी, म्हणजे धानाची लावणी करताना, चिखलात पाय ताठ ठेवला की माणूस रुततो. गुडघा सैल सोडला की निघतो. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरलं तर अंगच सोडून द्यायचं. लहानपणापासून तिनं हेच केलं होतं. तो दुसऱ्या शिकाऊंना सांगू लागला, "मॅडम को देखो." मला ते आवडलं नाही. आता कबूल करतोय तर हेही करतो.

बाकी काय होतं? विमानाला एक पट्टा अडकवलेला असतो, त्याचं दुसरं टोक आपल्या पाठीवरच्या पॅराशूटला. आपण पडलो की पट्टा ताणला जातो आणि छत्री आपोआप उघडते. आपण फक्त दारातून निघायचं. एक हजार, दो हजार, तीन हजार असं पाच हजारांपर्यंत मोजायचं आणि वर पाहायचं. कानाशी रेडिओ असतो, खालून कोणी सांगत राहतो डावीकडे वळा, उजवीकडे वळा. म्हणजे सगळं दुसरेच करतात. माणसाला एकच गोष्ट करायची असते.

आणि इथंच घोडं पेंड खातं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे विमानात. सगळ्यांचे सारखेच भगव्या रंगाचे झगे, हेल्मेट, डोळ्यांवर चष्मे. सीट नव्हत्या, खालीच फतकल मारून बसायचं. दार काढून टाकलेलं. दोघं इंदूरकडचे, मग मी, मागे रेखा. पहिला गेला. दुसरा गेला. शिकवणाऱ्यानं माझा पट्टा अडकवला, ओढून दाखवला, "देखा?" मी म्हटलं, "देखा." "पैर बाहर." मी पाय बाहेर काढले. वाऱ्यानं पाय एकदम बाजूला नेले, माझे नसल्यासारखे. मी खाली पाहिलं.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही असं सांगता आलं असतं. पण आठवतं. सगळं आठवतं. माझे हात दाराच्या चौकटीला धरलेले होते आणि ते सुटेनात. तो म्हणत होता, "जाओ. जाओ, सर." विमानानं एक फेरी मारली, पुन्हा त्याच जागेवर आलं. "जाओ." मी रडत होतो. आवाज करून. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली — बाहेर ढकलायला नव्हे, आत घ्यायला. तो रागावला नाही, पाठीवर थाप मारली. मी पायलटच्या मागे गुडघे पोटाशी घेऊन बसलो.

रेखा सरकत पुढे आली. तिचा गुडघा माझ्या खांद्याला लागला. ती वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "बसा तुमी. येऊन राहिली मी आत्ता." शेजारी जाऊन येते म्हणावं तसं. आणि ती दारात बसली, समोर पाहिलं, आणि गेली.

विमान उतरलं तेव्हा ती पट्टीच्या कडेला पॅराशूट कवेत गोळा करत होती, वाळत घातलेलं धुणं गोळा करावं तशी. तोंडभर हसू. मला पाहून ते तिनं आवरलं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला राग आला. ती माझ्यावर हसली असती तर कदाचित बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "होते असं. कोणालेबी होते."

हा काही गुन्हा नाही, असं तुम्ही म्हणाल. माणूस घाबरतो. खरंय. एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

परतीच्या वाटेवर जबलपूर मागे पडलं तेव्हा मुख्याध्यापकांचा फोन आला. "मारली का गा उडी?" मी म्हटलं, "मारली." तोंडातून निघून गेलं. इथवरही चाललं असतं. पण त्यांनी पुढे विचारलं, "आन मॅडमनं?" त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे, तिनंच भावाला फोनवर सांगितलं असेल की मीही शिकतेय. रेखा माझ्या शेजारी बसून संत्रं सोलत होती. शिबिरवाल्यांनी खालून काढून दिलेला उडीचा एकच व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होता. एकच उडी होती, आणि माणसं दोन. मी म्हटलं, "नाही जी. दारात गेली आन रडाले लागली. वापस आणा लागलं तिले."

बघा — नुसती तिची उडी घेतली नाही. माझं रडणं तिला देऊन टाकलं.

मग तिनं संत्र्याच्या फोडी माझ्या हातात ठेवल्या. का काही बोलली नाही? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मला ते ऐकावं लागलं असतं.

व्हिडिओत तोंड ओळखू येत नव्हतं. झगा, हेल्मेट, चष्मा. उंचीला आम्ही सारखेच, दोघंही काटकुळे. पण शेवटी, जमिनीवर लोळून उठताना, तिचा आवाज होता — "आली वं माय! जित्ती आली मी!" आवाज वाऱ्यानं फाटलेला, पुरुषाचा म्हणून खपलाही असता. पण 'आली'. बाईमाणसाचं 'आली'. 'आलो' असतं तर काही अडचण नव्हती. एका वेलांटीनं माझं पितळ उघडं पडलं असतं. घरी आल्यावर दुपारभर फोन घेऊन बसलो, आवाज कसा काढायचा ते शिकलो, आणि त्यावर ढोल-ताशा लावला. तिनं स्वयंपाकघरातून तो ढोल ऐकलाच असेल.

शाळेत सत्कार झाला, शाल-श्रीफळ, पडद्यावर व्हिडिओ. पोरांनी टाळ्यांनी छत दणाणून सोडलं. रेखा बायकांच्या रांगेत होती. मागून कोणीतरी विचारलं, "काय वं रेखा, लय भेली का?" ती हसली आणि टाळ्या वाजवत राहिली. तिच्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. ते तिनं कपाटात साड्यांखालच्या कागदाखाली ठेवलं. अजून तिथंच आहे. मी मधूनमधून पाहतो.

आणि मी भाषणं देऊ लागलो. दर सव्वीस जानेवारीला, मग दुसऱ्या शाळांत, नाकाडोंगरीपर्यंत. उडी मारल्यावर कसं वाटतं ते मला कुठून माहीत? तिच्याकडून. तिनं उडीच्याच दिवशी, मुख्याध्यापकांचा तो फोन यायच्या आधी, उत्साहानं सांगितलं होतं — छत्री उघडली की आवाजच बंद होतो, आणि खालची जमीन अशी दिसते जशी कोणी आताच सारवून ठेवली आहे. हे तिचे शब्द मी पोरांना सांगत फिरलो. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, तुमी सारवता का घरी?" वर्ग हसला. मी दरडावून गप्प केलं तिला. तिनंच काय ते पकडलं होतं.

रेखा एकदा बोलली. एकदाच. अड्याळला तिच्या भावाकडे जेवणं झाली होती, सगळे अंगणात बसलो होतो. मेहुणा तिला चिडवत होता, "आमची बाई विमान वापस घेऊन आली." रोजचंच. ती सुपारी कातरत होती, मान वर न करता म्हणाली, "मी बी मारली होती उडी." कसं म्हणाली? हळू. विचारल्यासारखं. 'मी बी' — तिथंही माझी उडी तिनं मोडली नाही, फक्त आपल्यासाठी थोडी जागा मागितली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. एक 'हो' पुरे होतं. मला त्यात काही गमवावंही लागलं नसतं. मी म्हटलं, "हो हो, सपनात मारली असन."

अंगण हसून हसून लोटपोट झालं. तीही हसली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

मला वाटलं होतं, याच्यापेक्षा खाली आता जाता येणार नाही. पण परवाच्या रविवारचं सांगायचं राहिलं.

पोरगी आता सतरा वर्षांची. डोंगर चढायच्या शिबिराला निवड झाली आहे तिची. दोरानं कड्यावरून उतरायचं असतं. चार दिवस नीट जेवत नव्हती. रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो आणि तिनं एकदम सांगून टाकलं की नाव मागे घेते, भीती वाटते. रेखा भाजी वाढता वाढता थांबली. कित्येक वर्षांत मी तिचा तो चेहरा पाहिला नव्हता. म्हणाली, "भेव त लागतेच बाई. हात सुटत नाही असं वाटते. पण काठावर गेलं का खाली नाही पाहा लागत, समोर पाहा लागते. समोर पाह्यलं का पाय आपोआप निघते."

पोरगी चिडली. "आई, तू नोको सांगू. तू त दारातून रडत वापस आली होती." आणि माझ्याकडे वळली. "बाबा, तुमी सांगा ना."

रेखानं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या पाहण्यात, नुसती वाट होती. किती वेळ? घासभर. मी ताटात पाहत होतो. मग तिनं भाजीचा डाव पातेल्यात ठेवला आणि पोरीला म्हणाली, "हो, मी भेली होती. बाबालेच इचार."

मी सांगितलं. काठावर गेलं की खाली पाहायचं नाही, समोर पाहायचं. समोर पाहिलं की पाय आपोआप निघतात.

या वेळी पोरीला ते पटलं.