आकृतीत पैकीच्या पैकी

इंजिनाची आकृती मी आजही डोळे मिटून काढीन. वर इंधनाची टाकी, तिच्याखाली इंधन सोडणारा-अडवणारा कॉक, तिथून निघालेली नळी, मग गाळणी, मग पंप. प्रत्येकाला बाण आणि बाणाच्या टोकाला सुवाच्य नाव. कृषी पदविकेला असताना या आकृतीला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. सरांनी ती काचेत घालून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावली. दिवाळीला घरी गेले तेव्हा अख्ख्या गल्लीला मी ते सांगत सुटले होते. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक ओढावीशी वाटते.

कारण मी ती आकृती काढत होते तेव्हा वर्गातली मुलं ट्रॅक्टरवर होती. बुधवारी प्रात्यक्षिक असायचं. सर निघताना म्हणायचे, "पोरींनो, तुम्ही उन्हात कशाला येता? सावलीत बसून रेकॉर्ड पुरं करा." आम्ही सहाजणी लिंबाखाली बसायचो. मुलं बांधावर ट्रॅक्टर चढवायची, गियर अडकवायची, सरांच्या शिव्या खायची आणि शिकायची. त्यांचीही रेकॉर्डं आम्हीच पुरी करून द्यायचो, वर शाबासकी घ्यायचो. सर वाईट नव्हते. त्यांना आमची काळजी होती, आणि मला सगळ्यात जास्त राग त्या काळजीचाच येतो. कुणी दार लावून घेतलं असतं तर आम्ही दोन धडका तरी दिल्या असत्या. इथं सावली मिळाली होती आणि आम्ही खुशीत होतो.

पुढे शेतीविस्ताराची नोकरी लागली, इकडेच, मराठी-कानडी सीमेवरच्या तालुक्यात. मी बाई, म्हणून बायकांचे सगळे कार्यक्रम माझ्या गळ्यात. दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला: महिला शेतकऱ्यांना पेरणीच्या छोट्या यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवा. हे यंत्र पेट्रोलवर चालतं, माणसानं मागं चालत फक्त धरायचं. खटकचिंचोळीहून आत वळलं की एक गाव लागतं, तिथल्या रानात आम्ही ते नेलं. सोबत ऑफिसचा यंत्रवाला होता.

बायका ताडपत्रीवर बसल्या आणि पुरुष यंत्राभोवती जमले. यंत्रवाल्यानं दोन ओळी, म्हणजे दोन तास, पेरून दाखवले, मग एकेका पुरुषाच्या हातात यंत्र दिलं. कुणी दहा पावलं चालला, कुणी वीस. जो चालवून दाखवील त्याचं नाव यादीत घ्यायचं आणि यादीतल्याला हंगामात यंत्र न्यायला मिळणार, असा नियम होता. यादी माझ्या हातात होती आणि तिच्यावर सात नावं झाली होती, सातही पुरुषांची. मी मुकाट्यानं लिहीत होते.

तेवढ्यात ताडपत्रीवरून एक अक्का उठली. पन्नाशीची असेल. नवरा हैदराबादेला बांधकामावर, तीन एकर रान ती एकटी बघायची. पदर खोचत म्हणाली, "मला चालवायचंय."

"अक्का, जड हाय ते," यंत्रवाला म्हणाला. "हात निसटला तर पाय जाईल."

तिचा दीर गर्दीतच होता. यादीत त्याचं नाव तिसरं. तो म्हणाला, "कामून? दरसाल मी पेरून देतोय की. कवा न्हाई म्हनलो?"

"देतेत की भावजी," ती म्हणाली. "समद्यांचं झाल्यावर. ओल उडाल्यावर."

तिचं दुखणं त्या दोन वाक्यांत आलं होतं. आमच्या काळ्या रानात उडीद निघाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा पेरतात, आणि ती ओल चार-सहा दिवसांत उडते. दीर आधी स्वतःचं पेरायचा, मग भावकीचं, आणि मग हिचं. वर्षानुवर्षं हिचाच हरभरा विरळ. यंत्र मिळालं असतं तर तिला कुणाची वाट बघावी लागली नसती.

मग एकजण हसत म्हणाला, "आदी मॅडमला चालवू द्या. त्यांनी चालवलं की अक्का चालवंल."

सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. यादी खाली ठेवली, यंत्राशी गेले, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. पाच वेळा, सात वेळा. खांदा भरून आला. यंत्राच्या एकूण एक भागाचं नाव मला येत होतं. यंत्रवाला पुढे आला, एका बोटानं पेट्रोलचा कॉक फिरवला आणि एका झटक्यात यंत्र सुरू केलं. कॉक बंद होता. बाण काढून ज्याचं नाव मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं तोच कॉक.

हशा उसळला. मी यंत्र धरलं, तर ते मलाच ओढत बांधाकडे निघालं. यंत्रवाल्यानं ते बंद केलं आणि म्हणाला, "झालं मॅडम, उशीर व्हायलाय." फोटो तेवढा निघाला: माझा हात यंत्रावर, मागे ओळीनं बायका. तो अहवालात गेला आणि वरून शाबासकी आली.

अक्का माझ्याजवळ आली. मला वाटलं, बोल लावेल. तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला बी कुणी हात लावू दिला न्हाई व्हय?"

मी वाकून खाली ठेवलेली यादी उचलली. आणि खरी लाजेची गोष्ट तर त्यापुढची. यादीत तिचं नाव मी लिहिलं नाही. नियम होता ना, चालवून दाखवील त्याचंच. यंत्र दिरानं नेलं. आधी स्वतःचं पेरलं, मग भावकीचं.

पौषात मी तिच्या रानात गेले. दिराचं रान हिरवंगार होतं आणि बांधाअलीकडे तिचा हरभरा टक्कल पडल्यासारखा. तिनं ओंजळभर घाटे माझ्या हातावर ठेवले. ते खाताना मला सरांचा राग आला, दिराचा आला, यंत्रवाल्याचा आला. सगळ्यात जास्त माझा आला. माझ्यावर झालेला अन्याय मी सुवाच्य अक्षरात तिच्यापर्यंत पोचवला होता.

त्या रविवारी मी यंत्रवाल्याला ऑफिसात बोलावलं आणि म्हटलं, "मला शिकव."

"कामून मॅडम? मी हाय की."

"तू हायस म्हणूनच."

चार रविवार गेले. तळहाताला फोड आले, ऑफिसच्या कुंपणाचा एक खांब मी आडवा केला, यंत्रवाल्याची बोलणी खाल्ली. ती बोलणी मला हवी होती, वीस वर्षं उशिरा मिळाली. पाचव्या रविवारी कॉक उघडला, चोक ओढला, दोरीला हिसका दिला आणि यंत्र सुरू झालं. आवारात मी एक सरळ तास मारला. मग यंत्र तसंच सुरू ठेवून अक्काला फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला.

"अक्का, ऐकायलाव का?"

"कोन चालवायलंय?"

"मीच."

ती म्हणाली, "बंद करू नका. मी यायलेय."