हौस आमची, धंदा तिचा

प्रमिला गेल्याचं मला तिच्या मुलीनं सकाळी फोन करून सांगितलं. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणून संघमित्रानं फोन ठेवला. वाशिमहून आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला, पोचेपर्यंत दुपार झाली. चौकात तोवर फ्लेक्स लागलासुद्धा होता. कोणा नव्या पुढाऱ्यानं घाईघाईनं छापून घेतलेला, त्याचा स्वतःचा फोटो प्रमिलाच्या फोटोपेक्षा मोठा. खाली लिहिलं होतं, 'राज्यस्तरीय धावपटू प्रमिलाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. मी रिक्षा थांबवायला लावली आणि ते पुन्हा वाचलं. राज्यस्तरीय... ज्या राज्यस्पर्धेत या बाईला एक पाऊल टाकू दिलं नाही, तिचंच बिरुद मेल्यावर तिला चिकटवलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी किन्हीराजाच्या. मी पाटलांच्या घरातली, ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या खिल्लाऱ्यांची. तिचा बा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, मजुरी करणारा, पण मुलीला शाळेतून काढायचं नाही यावर ठाम. आमच्या घरी ती यायची तेव्हा ओसरीवर बसायची. आई तिला चहा द्यायची, पण कप वेगळा, तो बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असे. एकदा आई चहा घेऊन यायच्या आत प्रमिला उठली आणि हसत म्हणाली, "थांबा मामी, मायावाला कप मीच काढतो." आई लालबुंद झाली. प्रमिलाला असं काही बोलताना कधी जड जायचं नाही, ते ऐकणाऱ्याला जड जायचं.

आमचे राऊत सर पी.टी. शिकवायचे. मैदान म्हणजे शाळेमागचं पडीक वावर. तिथे त्यांनी आम्हाला पळवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ही मुलगी वेगळी आहे. प्रमिलाच्या धावण्यात देखणं असं काही नव्हतं. डावा हात अंगाला चिकटलेला, मान थोडी वाकडी, ओठ घट्ट मिटलेले, पाय अनवाणी. पहिल्या फेरीत ती मागेच असायची. दुसऱ्या फेरीत मात्र एकेकीला अशी ओलांडत यायची की जणू बाकीच्या जणी थांबल्या आहेत. त्या बाकीच्यांमध्ये मी असायची. तिच्या पावलांचा आवाज मागून जवळ येताना मी जितक्या वेळा ऐकला तितका कोणीच ऐकला नसेल. मला त्याचा कधी हेवा वाटला नाही. बरं वाटायचं, आता ही जिंकली म्हणून.

दुष्काळाच्या वर्षी अमरावतीला विभागीय स्पर्धेत आठशे मीटरला ती पहिली आली, मी दुसरी. राज्यस्पर्धा पुण्याला होती. आमच्याकडच्या संघटनेचे सचिव हात मागे बांधून आमच्यासमोर उभे राहिले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, ते आता हयात नाहीत. म्हणाले, "निवड झाली, अभिनंदन. प्रवासखर्च मात्र ज्याचा त्यानं करायचा. आपली स्पर्धा हौशी खेळाडूंची आहे." हौशी हा शब्द खेळाच्या संदर्भात मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सचिव स्वतः पुण्याला पहिल्या वर्गानं येणार होते, भत्त्यासकट. हे राऊत सरांनीच परतीच्या एसटीत आम्हाला सांगितलं, खिडकीबाहेर बघत. प्रमिलाचा बा तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होता आणि घरात सरकारी सुकडीवर दिवस निघत होते. तो म्हणाला, "कोनाच्या पुढं हात पसरून जायाचं असन तं नको जाऊ, माय." ती गेली नाही. मी गेले, कारण आमच्या अण्णांनी पाकिटातून नोटा काढून दिल्या. पुण्यात मी कुठेतरी मागे, शेवटून दुसरी वगैरे आले. परत आल्यावर तिनं माझा नंबर विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "तिथली माती कशी हाये वो? लाल का काळी?"

पुढच्या वर्षी ती पुन्हा अमरावतीला पहिली आली, मी पुन्हा दुसरी. त्याच सुमारास शिरपूरकडच्या एका गावचे भगवंतराव शाळेत आले. त्यांच्या गावी दरवर्षी शंकरपट भरे, बैलजोड्यांच्या शर्यती, दोन दिवसांची मोठी गर्दी. बैलांच्या मधल्या वेळात मुलींची धाव ठेवायची त्यांची कल्पना होती. मुली धावतात हे बघायला पाच-पन्नास खेड्यांतून लोक येतील, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. सरांसमोर ते प्रमिलाला म्हणाले, "पोरी, जेवन देऊ, नारळ देऊ, लुगडं देऊ."

"लुगडं कायले?" प्रमिला म्हणाली. "पैसे किती देसान?"

सर ओशाळून खाली बघायला लागले. ती थांबली नाही. "एसटीचं भाडं वेगळं अन् धावाचं वेगळं. मी नाई आली तं लोकायले नुसते बैलच पाहा लागतीन."

भगवंतराव मांडीवर थाप मारून हसले. "अवो सर, पोरगी तं वकील हाये!" एकावन्न रुपये आणि जाण्यायेण्याचं भाडं, असं ठरलं. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, तिच्या घरातलं कोणी आजवर स्वतःच्या कामाचा भाव स्वतः सांगू शकलं नव्हतं. मी शेजारी उभी होते. मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही.

त्या पटाचं हस्तपत्रक निघालं. 'किन्हीराजाची सुप्रसिद्ध धावपटू कु. प्रमिला हिची धाव प्रत्यक्ष पहा.' गर्दी अशी लोटली की बैलवाले कुरकुरले. मीही त्या दिवशी धावले. मला भाडं आणि अकरा रुपये मिळाले. घरी आल्यावर अण्णांनी हसत विचारलं, "काय, हौस फिटली?" प्रमिला त्या हंगामात आणखी दोन पटांना गेली. त्या पैशांतून तिनं पुण्याचं तिकीट काढलं आणि आयुष्यातले पहिले कॅनव्हासचे बूट घेतले. अकोल्याहून आम्ही दोघी आणि राऊत सर गाडीत बसलो, मनमाडला गाडी बदलली. सबंध प्रवासात ती बूट मांडीवर घेऊन बसली होती.

पुण्याच्या मैदानावर आम्हाला तंबूत बोलावलं. टेबलामागे तिघं बसलेले, बाजूला आमचे सचिव. दुसऱ्या एका जिल्ह्याच्या संघाबरोबर आलेल्या माणसानं ते हस्तपत्रक टेबलावर ठेवलं होतं. त्याच्या मुलीला पहिला नंबर हवा होता, दुसरं काही नाही. राऊत सर प्रमिलाच्या कानाशी कुजबुजले, "नुसता नारळ घेतला म्हण, पमे. एवढंच म्हण." ती तसं म्हणाली असती तर बहुधा निभलं असतं. टेबलामागच्यांनाही भानगड नकोच होती.

"धावायचे पैसे घेतलेस?"

"घेतले."

"म्हणजे येण्याजाण्याचे ना?"

"यायचे घेतले, अन् धावाचेई घेतले."

"नियम माहीत नाही तुला? पैसे घेणाऱ्याला हौशी स्पर्धेत उतरता येत नाही."

प्रमिलानं तिघांकडे पाहिलं, मग सचिवांकडे. "तुमी इथपर्यंत कोनाच्या पैशानं आले, सायेब?"

एक जण खाकरला... मग मी उठले. म्हटलं, त्या पटात मीही धावले, पैसे मीही घेतले. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं ते अगदी मायेनं. "बाळ, तू पाटलांची ना? तुझी ती हौस होती. बस तू."

पन्नास वर्षं झाली, ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. एकच पट, एकच माती, एकाच माणसाच्या हातून दोघींनी घेतलेले पैसे. माझी ती हौस आणि तिचा तो धंदा. थोड्या वेळानं भोंग्यावरून सगळ्या मैदानाला ऐकवलं गेलं, 'महिलांच्या आठशे मीटरमधून कुमारी प्रमिला खिल्लारे, धंदेवाईक ठरल्यामुळे, बाद.' गॅलरीत बसलेल्या काही पोरांना त्या शब्दाचा दुसरा अर्थ लगेच सापडला. ती पोरं हसली, शिट्ट्या वाजल्या. मी शर्यतीला उभी राहिले नाही. माझ्या न राहण्यानं कोणाचं काही अडलं नाही, शर्यत वेळेवर सुरू झाली. प्रमिलानं ती पूर्ण पाहिली. संपल्यावर म्हणाली, "ही पहिली आलेली पोरगी तं मी नुसती चालली असती तरी मागं पडली असती वो." मग बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधल्या आणि अनवाणी स्टेशनपर्यंत आली.

व्यावसायिक असा सभ्य शब्द तेव्हा नव्हता असं नाही. पण कागदावर धंदेवाईक लिहिलं गेलं आणि वर्तमानपत्रात दोन ओळींत तेच छापून आलं. पुरुषाच्या नावापुढे तो शब्द लागला असता तर तो फार तर लोभी ठरला असता. बाईच्या, त्यातून मजुराच्या पोरीच्या नावापुढे लागला की काय होतं, ते मी आमच्या स्टँडवर पाहिलं. चहाच्या टपरीवरची पोरं ती दिसली की 'धंदेवाली आली' म्हणायची, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. इंझोरीकडचं एक स्थळ जवळजवळ पक्कं झालं होतं. मुलाचा मामा पाहुणा म्हणून आला, चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "पोरगी धंदेवाईक हाये म्हनते पेपरात. म्हंजे कोनता धंदा करते ते तरी सांगा." प्रमिलाचा बा उठून दाराशी गेला, आणि बाहेर जमलेल्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाला, "माही पोरगी धावते. तोच तिचा धंदा हाये. चाला, उठा आता." पाहुणे गेले. बा बराच वेळ दारातच उभा होता, असं तिनं मला सांगितलं. रडला का, विचारलं तर म्हणाली, "मी पाह्यलंच नाई त्याच्या तोंडाकडं."

मग ती म्हणाली, "धंदेवाईक म्हनतेत ना, मंग आता धंदाच करतो मी." ती पुन्हा पटाला उभी राहिली. पण भगवंतरावांनाही पुण्याची बातमी कळली होती. ते म्हणाले, "आता तुले दुसरं कोन बोलावते, पोरी? पंचवीस घे." ज्यांनी तिला सुप्रसिद्ध म्हणून छापलं, त्यांनीच तिची किंमत निम्म्यावर आणली, कारण आता तिला जायला दुसरी जागा नव्हती. तिनं तेही कबूल केलं, फक्त म्हणाली, "भाडं तरी पुरं द्या." दोन हंगाम ती अशी धावली. पूर्वी लोक 'पळ पमे, पळ' ओरडायचे. आता दुसरंच काही ओरडायचे. ते मी इथे लिहीत नाही. शेवटच्या पटात ती जिंकली, पैसे घेतले, तोंड धुतलं, आणि त्यानंतर कधीही लोकांसमोर धावली नाही. त्या दोन हंगामांच्या पैशांतून ती अकोल्याला नर्सिंगच्या कोर्सला गेली.

पुढची पस्तीसेक वर्षं तिनं उपकेंद्रात नर्स म्हणून काढली. खेड्यांमधून पायी लसीकरणाला जायची आणि बरोबरच्या बायांना तिच्यासोबत चालता यायचं नाही. प्रवासभत्त्याचं बिल मात्र तिनं एकदाही सोडलं नाही. वरचे अधिकारी वैतागायचे, ती निवांत सही मागायची. लग्न उशिरा झालं, नवरा भला होता. मी शिक्षिका झाले, शाळांमधल्या क्रीडादिनांना नारळ फोडत राहिले. तिला मी कितीदा बोलावलं, ती आली नाही.

चार वर्षांपूर्वी तिला एका मोठ्या क्रीडामहोत्सवाचा फोन आला. बोलणारा तरुण होता, गोड बोलत होता. जुन्या खेळाडूंचा सत्कार आहे, मॅडम, तुम्ही यायलाच हवं. तिनं विचारलं, येण्याजाण्याचं काय? तो गडबडला. त्याच कार्यक्रमाला रिबीन कापायला मालिकेतली एक नटी येणार होती, तिला गाडी, हॉटेल आणि वर पाकीट. प्रमिलाला हे माहीत होतं, कारण तिची मुलगी ते मोबाईलवर वाचून दाखवत होती. ती म्हणाली, "नटीले किती देऊन राह्यले, बापू?" तो म्हणाला, "मॅडम, तुमचा तर सन्मान आहे. तुम्ही हौसेनं या ना." हे मला सांगताना ती एवढी हसली की तिला ठसका लागला. हसू थांबल्यावर म्हणाली, "नले, आपन माताऱ्या झालो वो, पन या लोकायचा शब्द तोच हाये." ती गेली नाही. नटी आली, रिबीन कापली गेली, बातमीही आली.

पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी मी मालेगावच्या तिच्या घरी दिवसभर होते. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. संघमित्रा मला घरामागे घेऊन गेली. मागे एक मोकळा प्लॉट आहे, दुसऱ्या कोणाच्या मालकीचा. सगळीकडे गुडघाभर गवत, आणि त्याच्या मधोमध पायानं घोटून घोटून झालेली लांबट गोल वाट, स्वच्छ, कडक, गवताचं पातं नाही. निवृत्तीनंतर रोज पहाटे ती इथे फिरायची. घरातल्यांना वाटायचं, साखरेसाठी फिरते. मी चपला काढल्या आणि त्या वाटेवर उभी राहिले. चालायला लागले तर संघमित्रा म्हणाली, "मावशी, उलटं चाललात. आई डावा हात आत ठेवून फिरायची." मैदानावर तसंच धावतात. मी वळले.

वाटेची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा खोल गेली होती, वळणांवर जास्तच. त्या वळणांवर ती नुसती चालत नसणार, हे माझ्या पायांना कळलं... एक फेरी झाली तेव्हा मला गवतात चुन्याच्या रेघा दिसल्या. सरळ, काटकोनातल्या, वाटेला दोन ठिकाणी छेदून गेलेल्या. मी संघमित्राकडे पाहिलं. ती म्हणाली, "प्लॉट विकला त्यांनी. सोमवारपासून पाया खोदणार आहेत."

मी आणखी एक फेरी मारली. डावा हात आत ठेवून.