संदर्भ: फळा, उजवी बाजू

घाटकोपरच्या एका वसाहतीतल्या फळ्याबद्दलचा ज्ञानकोशातला लेख काढून टाकावा, हा प्रस्ताव मीच मांडला होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी भली बाई समजायला नको.

ऑनलाइन मराठी ज्ञानकोशात कुणीही लेख लिहू शकतं, आणि म्हणूनच कुणीही काहीही लिहितं. कुणी आपल्या भावी नगरसेवक मेव्हण्यावर, कुणी स्वतःच्या क्लासवर. असला लेख दिसला की त्याच्या डोक्यावर 'वगळावा का?' अशी पाटी लावायची. मग सात दिवस चर्चा चालते आणि शेवटी प्रचालक, म्हणजे ज्याच्या हातात अधिकार असतात तो, निकाल देतो. मी मुलुंडला राहते, दिवसा विम्याच्या ऑफिसात असते आणि संध्याकाळी कुकर लावून ही साफसफाई करते, तीही फुकट. नवरा मला कातरीबाई म्हणतो. म्हणू दे. कचरा दिसला की माझे हात शिवशिवतात, त्याला मी काय करू?

तो लेख चार परिच्छेदांचा होता. बुद्धविहाराच्या बाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा आहे आणि त्यावर एक गृहस्थ चाळीस वर्षं रोज सकाळी बातम्या लिहितात, असं त्यात होतं. पाणी किती वाजता येणार, कुणाला मुलगी झाली, कुणाची पोरगी नर्सिंगला लागली, जगात कुठे युद्ध पेटलं. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून नवं. आणि खाली पुरावा म्हणून लिहिलं होतं: 'संदर्भ: फळा, उजवी बाजू.'

मी हसत सुटले. अगं बाई, जे रोज पुसलं जातं तोच पुरावा! आमचा नियम सरळ आहे. त्या विषयाशी संबंध नसलेल्या कुणीतरी त्याबद्दल कुठेतरी लिहून छापलेलं असलं पाहिजे. मी पाटी लावली आणि भाजी फोडणीला टाकली.

तिसऱ्या दिवशी चर्चेचं पान उघडलं तर तिथे ही गर्दी! 'ठेवा.' 'ठेवा, आमचा फळा आहे.' 'ठेवा, मी समोरच राहतो.' सगळी खाती त्याच सकाळी उघडलेली. वसाहतीला वाटलं मतदान आहे, आणि अख्खी वसाहत इमानेइतबारे मत देऊन गेली. पण ज्ञानकोशात मतं मोजत नाहीत, मुद्दे बघतात. एका दिवसात उगवलेली खाती दिसली की जुनी मंडळी भडकतात. 'बनावट खाती' म्हणत तिघांनी लगेच 'वगळा' लिहिलं. वाट लागली, आणि त्या बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता.

मला मात्र भलताच प्रश्न छळायला लागला. चाळीस वर्षं रोज लिहिणारा माणूस रोज पुसतो कसा? हात जड होत नाही? न राहवून मी लेख लिहिणाऱ्या मुलीला विचारलं, फळा अजून आहे का? तिचं उत्तर आलं, "येऊन बघा ना, मॅडम. रविवारी सातच्या आत या. सातला आजोबा पुसतात."

गेले. विहाराच्या पायरीशी एक बारीक म्हातारे गृहस्थ ओलं फडकं घेऊन उभे होते. मी आधी फळ्यावरचं अक्षरच बघत राहिले. ओळी अशा सरळ की दोरी धरून लिहिल्यासारख्या. दूध घेऊन जाणारी माणसं थांबून वाचत होती, मगच घरी जात होती.

"काका, कधी फोटो नाही काढलात?" मी विचारलं.

"शिळी बातमी कुणाला हवी, ताई? लोक हसतील."

ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. जन्मभर दुसऱ्यांचं छापलं, फळ्याबद्दल चार ओळी छापाव्यात हे कधी डोक्यातच आलं नाही. आता वसाहत पाडून टॉवर होणार होता. विहाराला तळमजल्यावर हॉल मिळणार, पण रस्त्याकडे भिंत नाही, नुसती काच.

"फळा जाईल, त्याचं काही नाही," ते म्हणाले, "पण होता, एवढं तरी कुठेतरी राहावं. म्हणून नातीला म्हटलं, लिही. राहील ना हो?"

"बघते," एवढंच म्हणाले. पाटी मीच लावली हे सांगायची हिंमत झाली नाही. लाज वाटली.

मग मी इरेला पेटले. संध्याकाळची भाजी नवऱ्यावर सोडून तीन दिवस वाचनालयात बसले, उपनगरातल्या जुन्या साप्ताहिकांच्या फायली उलटल्या. गटाराच्या बातम्या, वधूवर मेळावे, साड्यांचे सेल. फळा नाही. शेवटी नातीने वसाहतीतल्या जयंती उत्सवाची एक स्मरणिका पाठवली, तीत फळ्यावर अख्खं पान होतं. मी आनंदाने ओरडलेच. मग संपादकाचं नाव पाहिलं. आजोबाच. म्हणजे तेही चालणार नाही.

मी माझा प्रस्ताव मागे घेतला, लांबलचक विनवणी लिहिली. एका जुन्या सदस्याने मला माझंच जुनं वाक्य चिकटवलं: 'भावना समजते, पण संदर्भ द्या.' सात दिवस भरले आणि लेख गेला.

रविवारी पुन्हा गेले, सगळं कबूल करायला. पावणेसात झाले होते. फळ्यासमोर पोचले आणि थबकले. उजव्या कोपऱ्यात त्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'आपल्या फळ्याचा लेख ज्ञानकोशातून काढण्यात आला. कारण, पुरावा नाही. पाटी लावणाऱ्या ताईंनीच नंतर तीन दिवस पुरावा शोधला. त्यांचे आभार.'

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. नातीने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मला रडूच फुटलं, भर रस्त्यात, दुधाच्या पिशव्यांच्या गर्दीत. मी मोबाइल काढून फोटो घेतला.

"तुमच्यात पुरावा म्हणून फोटो चालत नाही ना?" काका म्हणाले.

"तिथे नाही चालत. हा माझ्यासाठी."

सात वाजले. त्यांनी फडकं बादलीत बुडवून पिळलं आणि माझ्यापुढे धरलं. "घ्या. तुम्हाला सवय आहे."

चिडून नाही, अगदी सहज म्हणाले. मी फडकं घेतलं आणि डावीकडून पुसायला लागले. पाण्याची वेळ गेली, नर्सिंगची पोरगी गेली, युद्ध गेलं. उजव्या कोपऱ्यापाशी आले तेव्हा काका म्हणाले, "पुसा हो, आजचं लिहायचंय."