चढावर तापणारी गाडी

मास्तर शाळेत शिकवायला कधी गेले नाहीत, आणि शिकायलाही जेमतेमच गेले. पण त्या रस्त्यावरच्या गॅरेजांतले निम्मे मेकॅनिक त्यांच्या हाताखालून गेलेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी गॅरेज भाड्याने दिलं आणि हत्यारांची पेटी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. धंदा सुटला, पण खोड सुटली नाही. दारावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ते जेवता जेवता तिचं दुखणं सांगत, आणि बायको म्हणे, "अहो, आधी ताटातलं संपवा. ती गाडी काही तुमच्याकडे औषध मागायला आलेली नाही."

मास्तरांची काही मतं दगडासारखी पक्की होती. त्यातलं एक थर्मोस्टॅटबद्दलचं. इंजिन थंड असताना पाणी अडवून धरायचं आणि तापलं की रेडिएटरकडे सोडायचं, एवढंच काम करणारी ही तळहातावर मावणारी झडप. मास्तरांच्या उमेदीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या गाडीत ती अडकून बसली आणि इंजिन जळालं. तेव्हापासून हाताखाली आलेल्या प्रत्येक गाडीतली ती झडप मास्तर आधी उपटून काढत. "थंड मुलखातल्या इंजिनांचे लाड आहेत हे," असं म्हणत. शिष्यांनीही गुरूचा कित्ता गिरवला आणि त्या रस्त्यावर ही रीतच पडून गेली. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण तेव्हाच्या गाड्याच तशा होत्या.

मास्तरांना एकुलती एक लेक. ती शहरातल्या इस्पितळात नर्स. शहराबाहेरचा मोठा चढ चढून गेलं की वर विखुरलेल्या वस्त्या होत्या, तिथल्या दवाखान्यात तिला जागा मिळाली. राहायला खोली मिळणार होती, पण अट एकच: घरोघरी फिरायला स्वतःची गाडी हवी. लेकीने साठवलेले पैसे काढले आणि एका निवृत्त मोजणीदाराची जुनी एसयूव्ही पाहिली. मास्तरांनी बॉनेट उघडलं, तेलाची कांडी पुसून पाहिली, चढावर नेऊन आणली. मोजणीदाराने गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. "डोळे झाकून घे," मास्तर म्हणाले, आणि लेकीने घेतली.

त्याच संध्याकाळी, लेक आत हात धूत असताना, मास्तरांनी शेडमध्ये गाडी लावून थर्मोस्टॅट काढला आणि खिळ्यांच्या डब्यात टाकला. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? घरात शिरताना आपण चप्पल काढली हे कुणी सांगत बसतं का?

दोन दिवसांनी लेक दवाखाना पाहायला निघाली आणि अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. बॉनेटखालून वाफ. तिने गाडी कडेला घेतली, थंड होऊ दिली आणि उतारावरून हळूहळू परत आणली. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, हे असं असेल तर मी कुणाच्या बाळंतपणाला पोचणार कशी?"

मास्तर कामाला लागले. गुडघे कुरकुरत होते, पण चेहऱ्यावर तजेला आला होता. शहरात फिरवली तर गाडी गुणी बाळासारखी वागे, उलट तापायलाच वेळ लावी. चढाला लागली की भडके. रेडिएटर उतरवून पाणी सोडलं, तर पाणी दुसऱ्या बाजूने झक्क बाहेर पडलं. टोपण बदललं. पंखा फिरत होता, पट्टा ताठ होता, पाण्याचा पंप ठणठणीत. इंजिनाच्या सांध्यातली पट्टी, हेड गॅस्केट, गेली असेल तर पाण्यात बुडबुडे यावेत, तेही आले नाहीत. पुन्हा चढावर नेली तर पुन्हा तेच. एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती: इंजिनाला हात लावता येत नव्हता आणि रेडिएटर नुसता कोमट. पाणी उकळतंय, पण थंड व्हायला जात नाहीये. मग जातंय कुठे?

नवी नळी घालून पाहावी म्हणून मास्तर सुट्या भागांच्या दुकानात गेले. तिथला चष्मेवाला हा त्यांचा जुना शिष्य. तो जरा चाचरत म्हणाला, "मास्तर, थर्मोस्टॅट आहे ना जागेवर? या गाड्यांना तो लागतोच."

"तू मला शिकव आता," मास्तर म्हणाले आणि नळीसुद्धा न घेता परत आले.

घरात तोवर मोजणीदाराची बिनपाण्याने चालली होती. "गोड बोलून गळा कापला मेल्याने," असं मास्तरांची बायको म्हणत होती. मास्तरांनीही दोन शब्दांची भर घातली. लेकीने मोजणीदाराला फोन केला, चांगलं खडसावलं. पलीकडून वाद नाही, आवाज चढवणं नाही. तो म्हणाला, उद्या सकाळी येतो आणि गाडी परत घेऊन जातो. लेकीने फोन ठेवला. "गाडी गेली की दवाखान्यालाही नाही म्हणून कळवते," म्हणाली, आणि ड्यूटीवर निघून गेली.

दुपारी मास्तरांनी खिळ्यांचा डबा उपडा केला. झडप आधीपासूनच अडकलेली निघाली तर इंजिन तेव्हाच भाजलं होतं, असं मोजणीदाराच्या माथी मारायला पुरावा होईल, असा हिशेब. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं आणि ती आत सोडली.

"अहो, दुधाचं पातेलं आहे ते!" बायको ओरडली.

मास्तरांचं लक्ष नव्हतं. पाणी तापलं तशी वरची तबकडी अलगद उघडली. झडप अगदी ठाकठीक होती. पण वरची उघडत असताना खाली आणखी एक तबकडी सरकत होती. जुन्या गाड्यांत ती कधी पाहिल्याचं त्यांना आठवेना. मास्तरांनी चिमट्याने झडप उलटी धरली, पुन्हा बुडवली, पुन्हा पाहिली. वरची रेडिएटरची वाट उघडते, तेव्हा खालची दुसरी वाट बंद करते. त्या वाटेने पाणी रेडिएटरकडे न जाता गरमच्या गरम इंजिनात परत फिरतं. झडपच काढली तर ती चोरवाट सताड उघडी. शहरात भागून जातं, चढावर नाही.

म्हणजे गाडी चांगली होती. ती मास्तरांनी बिघडवली होती.

त्यांनी गॅस बंद केला, झडप पुसली आणि डब्यात ठेवून झाकण लावलं. तोंडातून शब्द काढला नाही तर काय होणार होतं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मोजणीदार गाडी नेणार. थर्मोस्टॅटबद्दलचा मास्तरांचा शब्द शाबूत राहणार. आणि लेक चढ चढून जाणार नाही, इथेच राहणार, रोज संध्याकाळी घरी येणार. ती जाऊ नये असं त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं, फक्त तसं बोलून दाखवलं नव्हतं. संध्याकाळी लेक आली, जेवली, गप्पगप्प झोपायला गेली. मास्तर मूग गिळून बसले.

सकाळी मोजणीदार आला. इस्त्रीचा शर्ट, हातात जुनी पिशवी. मास्तरांच्या बायकोने त्याला बसा म्हटलं नाही. तो उभ्याउभ्याच लेकीला म्हणाला, "माझ्या नजरेतून काहीतरी सुटलं असणार. तुम्हाला चढावर एकटीला अडकवलं मी. माफ करा." आणि पैसे काढायला पिशवीत हात घातला.

मास्तरांना ते बघवेना. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"पिशवी बंद करा," ते म्हणाले. "गाडीत काही खोट नव्हती. मी थर्मोस्टॅट काढला. नेहमीसारखा."

बायकोने मोजणीदारासाठी खुर्ची पुढे केली आणि चहा टाकायला आत गेली. मास्तरांनी शेडमध्ये जाऊन झडप बसवली, नवं कूलंट भरलं, हवा काढली. मोजणीदार बॅटरीचा उजेड धरून शेजारी उभा राहिला. तो निघून गेल्यावर बापलेक गाडी घेऊन चढाला लागली.

लेक चालवत होती. काटा मधोमध जाऊन थांबला तो हललाच नाही. अर्ध्या वाटेवर, वाफ निघाली होती ती जागा मागे गेल्यावर तिने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"काल दुपारी."

"मग काल का नाही सांगितलंत?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. "तू राहशील असं वाटलं," ते म्हणाले.

लेक रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "गाडी परत जाणार म्हटल्यावर मलाही हायसं वाटलं होतं, बाबा. मला भीती वाटते वर एकटीने राहायची."

"मग वळव ना गाडी," मास्तर घाईघाईने म्हणाले.

"आता कशी वळवू? गाडी चांगली आहे ना," ती म्हणाली, आणि तिने गिअर बदलला.