ठिपकीच्या हिरड्या

सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पांढरा गणवेश कपाटाच्या तळाशी गेला, तरी हाक तीच. फक्त खालच्या मजल्यावरची वहिनी तिला 'वन्सं' म्हणायची, तेही अडलं तरच. दोघींचं भांडण असं कधी झालं नव्हतं. दादा गेला आणि बोलणंच आटलं. पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, एवढ्यावर भागायचं.

वर-खाली खरी ये-जा होती ती ठिपकीची. मांजराएवढी पांढरी कुत्री, डाव्या डोळ्यावर काळा डाग. नऊ वर्षांपूर्वी दादाने तिला कोटाच्या खिशातून घरी आणलं होतं. "या घरात एक तर ही राहील नाहीतर मी," असं वहिनीने बजावलं, आणि आठवड्याभरात तिला स्वतःच्याच शालीत गुंडाळून बसली. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानातून परतताना फाटकापासूनच शीळ घालायचा आणि ठिपकी असेल तिथून सुसाट सुटायची. सुट्टीच्या दिवशी सिस्टर ती शीळ ऐकून चहाचं आधण ठेवायची. किती साध्या संध्याकाळी होत्या त्या, आणि किती भरलेल्या.

एके सकाळी ठिपकी वर आलीच नाही. दहा वाजून गेले तेव्हा सिस्टर खाली उतरली. स्वयंपाकघरात वहिनी तापाची अर्धी गोळी चमच्यात कुटत उभी होती.

"कुणासाठी?"

"हिच्यासाठी. अंग गरम लागतंय. कालपासून खात नाही, रुसलीय नुसती."

"थांबा वहिनी. माणसाची गोळी तिला विष होईल."

सिस्टर गुडघे टेकून बसली, पण लगेच हात लावला नाही. पेशंटला हात लावण्याआधी त्याच्याकडे बघायला शीक, असं तिच्या पहिल्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या मेट्रन सांगायच्या. ठिपकी कुशीवर पडून भराभर श्वास घेत होती. हाक मारल्यावर शेपटीचं टोक तेवढं हललं. पोट मात्र तट्ट फुगलेलं.

"पाणी पितेय?"

"ढसाढसा. कालपासून तीनदा वाडगा भरला. पहाटे दोनदा उलटी केली."

सिस्टरने तिचा ओठ अलगद उचलला. एरवी गुलाबी असणारी हिरडी फिकट पडली होती. अंगठ्याने दाबून सोडली, तर रंग परतायला फार वेळ लागला. चाळीस वर्षं माणसांची नखं अशीच दाबून पाहिली होती तिने.

"माजावर कधी आली होती?"

"झाला असेल दीड महिना."

सिस्टरने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि ड्युटी बदलताना सांगायची तसं सगळं ओळीने सांगितलं. तिकडून एवढंच आलं, "तोंडात काही घालू नका, पोट दाबू नका. आत्ताच्या आत्ता आणा."

धुण्याच्या टोपलीत टॉवेल अंथरून दोघींनी तिला उचललं. टॅक्सीत टोपली दोघींच्या मांडीवर निम्मी निम्मी होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मशीनवर पोट पाहिलं. "गर्भाशयात पू साठलाय, आणि बाहेर पडायला वाट नाही. लगेच ऑपरेशन करावं लागेल. वय झालंय, खात्री देता येणार नाही."

वहिनीने कागदावर सही केली. मग बाहेरच्या बाकावर दोघी बसून राहिल्या. सिस्टर म्हणाली, "हिचं कळलं मला. दादाचं नाही कळलं."

वहिनीने मान वळवली.

"वॉर्डात फोन आला होता त्याचा. छातीत जळजळतंय म्हणाला. मी म्हटलं, पित्त असेल, जरा पड. तो हसून बोलत होता वहिनी, आणि मी घाईत होते. तुम्ही मला कधी माफ करणार नाही, हे माहीत आहे मला."

"तुम्हाला?" वहिनी म्हणाली. "सकाळपासून दुखत होतं त्यांना. घामाने सदरा भिजला होता. मी दहादा म्हटलं वन्संना सगळं सांगा. तर म्हणे, तिची ड्युटी आहे, उगाच घाबरवायचं नाही. आणि मी ऐकलं त्यांचं. फोन माझ्या हाताशी होता. मला वाटायचं, तुम्ही त्यासाठीच बोलत नाही."

सिस्टरने वहिनीचा हात धरला. सुया टोचून खरखरीत झालेली बोटं होती ती. दादाचे सगळे सदरे याच बोटांनी शिवलेले.

"सदऱ्यांना खिसे मोठे लावायला सांगायचे," वहिनी म्हणाली. "पेचकस ठेवायला म्हणे."

"आणि वर यायचा ते खिशातून शेंगा सांडत."

दोघी हसल्या आणि हसता हसता रडल्या. डॉक्टरीणबाई दार उघडून आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते. "काढलं सगळं. नाडी ठीक आहे. आजची रात्र लक्ष ठेवावं लागेल."

तिसऱ्या दिवशी ठिपकी घरी आली, पोटावर टाक्यांची रेघ घेऊन. औषधांच्या वेळा सिस्टरने लिहून भिंतीला लावल्या. पहिले आठ दिवस सिस्टर खालीच झोपली, वहिनीच्या खोलीत, पलीकडच्या खाटेवर. टाके निघाले, ठिपकी धावू लागली, तरी सिस्टरचं अंथरूण कुणी वर नेलं नाही. ठिपकी आणखी चार वर्षं जगली.