शेजारच्या खोलीतले पाहुणे

लेकीला लातूरच्या कोचिंगला सोडायला गेलो, तेव्हा एका जुन्या हवेलीत उतरलो होतो. हवेली नव्यानं सजवून तिथं खोल्या भाड्यानं देत, सकाळी नाश्ताही मिळे. माझ्या खोलीचं सागवानी, नक्षीदार दार तर बघत राहावं असं. फक्त त्याची कडी काही केल्या लागत नव्हती.

शेजारच्या खोलीत एक म्हातारे होते. धोतर, पांढरी टोपी. तेही नातीला कोचिंगला सोडायला आलेले. सकाळी नाश्ता करून आलो, तर ते माझ्या दारावरून हात फिरवत उभे. मी काही न विचारता मॅनेजरला हाक मारली.

"हा माणूस माझ्या खोलीपाशी काय करतोय?"

'हा माणूस' म्हणालो मी, त्यांच्या तोंडावर. अजूनही आठवलं की कान तापतात.

ते चिडले नाहीत. त्यांनी कवाड दोन्ही हातांनी जरासं वर उचललं आणि कडी अलगद बसवली.

"हे आमच्या घरचं हाय," ते म्हणाले. "भूकंपात समदं पडलं, दार तेवढं उभं राहिलं. नव्या गावात घर मिळालं, पण त्याला एवढं मोठं दार बसंना. मग इकलं."

मॅनेजर खाली बघू लागला.

म्हाताऱ्यांनी कडी काढली, दार उघडलं. चपला बाजूला सोडल्या. मी तर कालपासून बूट घालूनच आतबाहेर करत होतो. मग उंबऱ्याच्या अलीकडे थांबून त्यांनी मला विचारलं,

"साहेब, जरा आत येऊ का?"