दुपारची गोळी, संध्याकाळची गोळी

मला पहिला संशय आला तो कुत्रा माझ्या गाडीत आणून ठेवणाऱ्या मुलीचा. भटक्या कुत्र्यांसाठी काम करणारी ही मुलगी. मी तिच्याकडे जुन्या चादरी द्यायला गेलेले आणि कुत्रा घेऊन परत आले. "फक्त दोन महिने हं ताई, मग कुणीतरी कायमचं नेईल," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, एवढ्या म्हाताऱ्याला कोण नेतंय!

शीळफाट्याला एका गॅरेजमागे तो तिला सापडलेला. तोंड पांढरं झालेलं, मागचे पाय ताठ, आणि मानेभोवती दोरीने केस गेलेला गोल वळ. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं बांधून ठेवलेलं आणि मग सोडून दिलेलं. चावला म्हणून सोडलं असेल का? मुलीला विचारलं, तर म्हणाली, "माहीत नाही." तेही मला खरं वाटलं नाही.

डोंबिवलीच्या घरात तेव्हा आम्ही दोघंच. नवरा जहाजावर असतो. सासरे निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांनी दारातच सांगून टाकलं, "मी त्याला हात लावणार नाही. तू आणलास, तू बघ."

कुत्र्याने बाल्कनीतला वॉशिंग मशीनमागचा कोपरा धरला. पाठ भिंतीला, तोंड आमच्याकडे. आपण बघत असलो की खायचा नाही. ताटलीकडे पाठ फिरवून आत जावं, मग चपचप आवाज यायचा. डोक्याकडे हात नेला की डोळे गच्च मिटायचा आणि मार बसायची वाट बघत थांबायचा. मी झाडू उचलला की घशातून बारीक गुरगुर. त्याला माझा भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचा नव्हता. झोपताना बाल्कनीचं दार मी कडी लावून बंद करायचे.

डॉक्टरांनी पायांच्या दुखण्यावर रोज एक गोळी सांगितलेली, दुपारी खाण्यानंतर. माझं ऑफिस घोडबंदर रोडला. सकाळी आठला निघाले की यायला साडेसात तरी वाजायचे. त्यामुळे गोळी सासऱ्यांवर सोपवावी लागली. त्यांनी चष्मा लावून पाकीट वाचलं आणि "बरं" म्हणाले. बस, तेवढंच.

तीनेक आठवड्यांनी केर काढताना चपलांच्या रॅकखाली मला एक गोळी मिळाली. अर्धवट विरघळलेली, धुळीने माखलेली. मी ती तळहातावर धरून उभी राहिले. पाकिटातल्या गोळ्या तर रोज कमी होत होत्या. मग या जातात कुठे? बाबा पाकिटातून काढतात आणि फेकून देतात, माझ्या डोक्यात पक्कं बसलं. हात लावणार नाही असं ते म्हणालेच होते. विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण सासऱ्यांना असं विचारायचं कसं? मी दुसरं पाकीट आणलं, पर्समध्ये ठेवलं आणि रोज घरी आल्यावर पोळीच्या तुकड्यात घालून एक गोळी गुपचूप त्याच्या ताटलीत ठेवायला लागले.

काही दिवस तो छान चालला. मला वाटलं, बघा, आता खरं औषध पोटात जातंय.

मग एका रविवारी सकाळी त्याने उलटी केली. काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी. पाय पसरून पडून राहिला. मी जवळ गेले तरी गुरगुरला नाही.

मला लगेच तळमजल्यावरचे काका आठवले. हा कुत्रा त्यांच्या स्कूटरजवळ मुततो म्हणून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा लिहिलेलं. दाराशी उंदरांचं औषध ठेवायचे. एकदा मला म्हणालेले, "म्हातारं जनावर, असे किती दिवस काढणार?" मी तशीच गाऊनवर खाली गेले आणि बेल दाबली.

"काय घातलंत तुम्ही त्याला?"

"कुणाला?" त्यांच्या हातात पेपर होता.

"नाटकं करू नका, काका. उंदरांचं औषधच ना?"

वरच्या मजल्यांवरून माणसं वाकून बघायला लागली. काकांची बायको बाहेर आली. काका पेपरची घडी करत राहिले. ते गप्प आहेत म्हणजे हेच, असं मी ठरवून टाकलं.

डॉक्टर ठाण्याला, खोपटच्या डेपोमागे. गाडीत मागच्या सीटवर कुत्र्याला चादरीत धरून कोण बसलं? सासरे. मला आश्चर्य वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता.

"विष दिलंय कुणीतरी," मी डॉक्टरांना सांगितलं.

त्यांनी पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या. "औषधं काय चालू आहेत?"

"दुपारी एक गोळी," सासरे म्हणाले. "मी देतो. आधी थुंकायचा, एकदोनदा कुठे टाकली ते सापडलंही नाही. आता केळ्यात घालून देतो, तोंड धरून ठेवतो."

मी पर्समधून दुसरं पाकीट काढलं. "आणि संध्याकाळी एक. मी."

डॉक्टरांनी मान वर केली. "म्हणजे रोज दोन? किती दिवस?"

"बारा-तेरा."

पोटात जखम होऊन रक्त येत होतं. तीन दिवस सलाईन लावायला त्याला नेत होतो. सासऱ्यांनी येताना-जाताना एका शब्दाने विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी, गाडी लावल्यावर, उतरायच्या आधी म्हणाले, "तुला वाटलं मी फेकतो?"

"हो बाबा."

"हं," म्हणाले, आणि कुत्र्याला उतरवायला लागले.

काकांकडे जायला मला आणखी दोन दिवस लागले. "चूक माझी होती. औषध मीच जास्त दिलं. सगळ्यांसमोर बोलले, मला माफ करा." त्यांनी ऐकून घेतलं. "बरा आहे का आता?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. "ठीक आहे," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. पुढे जिन्यात भेटले तर मान हलवायचे, थांबायचे नाहीत. ग्रुपवर मी माफी लिहिली. त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला. एका माणसाला गोदामावर राखणीला कुत्रा हवा होता. सासरे बाजूलाच बसलेले. "बांधून ठेवणार का, विचार," म्हणाले. बांधणारच होते. मी नाही म्हणून सांगितलं.

तो आमच्याकडे अजून दीड वर्ष जगला. औषध एकटे सासरेच द्यायचे, आणि पुढेपुढे तो त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपायचा. माझ्या हातून त्याने शेवटपर्यंत काही खाल्लं नाही. मी पोळीचा तुकडा पुढे केला की आधी तुकड्याकडे, मग माझ्या तोंडाकडे बघायचा. मी तो खाली ठेवून आत जायचे.